घाटाखालचा आकडा

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की गावाच्या नावाआधी एक प्रश्न येतो: घाटावरचे का घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा वरच्या मजल्यावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर खालच्या. सोयरीक जुळवताना, शेत बघताना, भाषेचा हेल ओळखताना हीच वाटणी कामाला येते.

मी ती हिशोबाला वापरणार आहे. घरात जे काही आहे त्याची किंमत मांडायची, त्यातून सगळं देणं वजा करायचं. उरलेला आकडा शून्याच्या वर असला तर ते घर घाटावर, शून्याच्या खाली असला तर घाटाखाली. बँकेच्या कागदावर याला 'नक्त मूल्य' म्हणतात, शहरातली पोरं 'नेटवर्थ' म्हणतात. घाटाखालच्या वाचकांनी राग मानू नये. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन तुमच्याच वाट्याला आली आहे. मी फक्त शब्द उसना घेतो आहे.

हा हिशोब आपण कधी करतोच नाही असं नाही. ग्रामपंचायतीला उभं राहताना उमेदवार मत्ता आणि दायित्वाची घोषणा भरून देतो. मोठं कर्ज मागायला गेलं की बँकेच्या अर्जात तोच तक्ता असतो. म्हणजे दुसऱ्याने मागितला की आपण भरतो, आणि ज्याला दाखवायचा असतो त्याच्या सोयीने भरतो: कर्ज हवं असेल तर मालमत्ता फुगवून, मदत हवी असेल तर आखडून. स्वतःसाठी मात्र उत्तर ठरलेलं. "कायले लिवतं बाप्पा, डोक्यात हाय सारं."

डोक्यात काय असतं ते मी अनेकांना विचारून पाहिलं आहे. मोठी देणी असतात, आणि ज्याचा तगादा जास्त त्याचं देणं सगळ्यात मोठं वाटतं. बारकी देणी डोक्यात नसतात. कृषी सेवा केंद्रातली खताची उधारी, दुचाकीचे राहिलेले हप्ते, दवाखान्याच्या वेळी मेव्हण्याने दिलेले पैसे, बायकोच्या नावावरचं गटाचं कर्ज. यातलं एकेक विसरण्याजोगं असतं, बेरीज नसते.

डोक्यातल्या हिशोबाला सगळ्यात जास्त फसवतं ते 'नवंजुनं'. बँकेत किंवा सेवा सहकारी सोसायटीत पीककर्जाची मुदत आली की दोन-चार दिवसांसाठी कुठून तरी रक्कम उभी करायची, जुनं कर्ज भरायचं, आणि लगेच नवं उचलून ज्याचे त्याला परत करायचे. कागदावर कर्ज फिटलं. खातं नियमित राहिलं, व्याजाची सवलत टिकली, यात वाईट काहीच नाही. उलट तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं, आणि मुदत हुकली तर ही सवलत जाते. पण भरणा केलेल्या माणसाला त्या दिवशी हलकं वाटतं, आणि ते खोटं असतं. एक लाख ऐंशी हजार भरले, दोन लाख उचलले. बाकी वीस हजारांनी वाढली. मधले चार दिवस ज्याने रक्कम दिली त्याचे शेकडा दोन-तीन रुपये वेगळेच. "दरसाल भरतो, तरी सरत कसं नाई?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता एक सरकारी गोष्ट. घरांचं देणं, आणि पुढे मालमत्ताही, मोजण्याचं काम आपल्या देशात सत्तरेक वर्षांपासून चालू आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला, आणि सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. सहकाराचा एवढा बोलबाला असून शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला, सगळ्यात मोठा वाटा सावकारांचा. त्यानंतरच्या, १९६१-६२ च्या पाहणीत कर्जाबरोबर मालमत्ताही विचारली जाऊ लागली. कारण साधं होतं: पन्नास हजारांचं कर्ज दोन एकरवाल्याला बुडवतं आणि वीस एकरवाल्याला चहापाण्यासारखं असतं. एकट्या कर्जाचा आकडा काही सांगत नाही.

त्याच मालिकेतली २०१९ ची पाहणी सांगते की ग्रामीण भारतात घरामागे सरासरी मालमत्ता सुमारे १५ लाख ९२ हजारांची आणि सरासरी कर्ज सुमारे ५९ हजार ७०० रुपयांचं होतं. वाचणाऱ्याला वाटेल, मग रडता कशाला? पण त्या मालमत्तेत जमीन आणि घरदार मिळून नव्वद टक्क्यांच्या आसपास होतं. हप्ता भरायला बांधावरची माती चालत नाही. आमच्या भागातला हिशोब नेमका याच जागी वाकडा होतो, म्हणून पुढे मी जमिनीची ओळ वेगळी काढणार आहे.

त्या पाहणीसाठी मालमत्ता आणि कर्ज कोणत्या तारखेचं विचारलं होतं? ३० जून २०१८. शेतीचं वर्ष संपतं तो दिवस. मोजायला एक ठरलेली तारीख लागते. नाही तर माणूस सोयाबीन विकून आल्यावर मोजतो आणि खूश होतो, किंवा बी-भरण घेऊन आल्यावर मोजतो आणि खचतो.

बुलढाण्याला तारीख बाहेरून आणायची गरज नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधल्या खड्ड्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पानसुपारी, पापड, कुरडई, आणि भोवती गोल अठरा धान्यं. रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाआधी कोणतं धान्य हललं, कोणतं आत-बाहेर गेलं हे बघून पावसापाण्याचं आणि पिकाचं भाकीत सांगतात, आणि ते ऐकायला लांबलांबून शेतकरी येतात. भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं. तरी ते येतात, कारण पेरणीच्या तोंडाशी वर्षाकडे एकदा नीट बघावंसं वाटतं. माझं म्हणणं इतकंच की त्याच संध्याकाळी घरातही एक मांडणी करावी. तिच्यात भाकीत काहीच नसावं. आज जे आहे आणि जे देणं आहे तेवढंच. त्या वेळेपर्यंत हरभरा-गहू निघालेला असतो, पीककर्जाचं नवंजुनं आटोपलेलं असतं, आणि खरिपाची उधारी अजून सुरू झालेली नसते. वर्षातला सगळ्यात खरा आकडा तेव्हाचा.

एक घर घेऊ. घर कल्पनेतलं आहे, आकडे मी बसवलेले आहेत, पण मेहकर-लोणारकडच्या वाचकाला ते ओळखीचे वाटतील. पाच एकर शेत, विहीर आहे. नवरा-बायको, म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुलं. बायको शिवणकाम करते, बचत गटात आहे.

आधी आहे ते. बैलजोडी बाजारात आज ऐंशी हजाराला जाईल. म्हैस साठ हजार. दुचाकी पस्तीस हजार. घेतली पंचाऐंशीला, पण घेतलेली किंमत मांडणीत येत नाही, आज विकली तर काय येईल तेच येतं. सोनं दोन तोळे. इथेही घडणावळ धरून दिलेली किंमत विसरायची आणि सराफाला मोड विचारायची. समजा एक लाख चाळीस हजार. घरात बारा क्विंटल सोयाबीन, ४,२०० च्या भावाने ५०,४००. बँक खात्यात ११ हजार, गटातली बचत १४ हजार. साडूकडे दिलेले वीस हजार तीन वर्षं अडकले आहेत. ते लिहायचे, पण समोर शून्य. परत आले तर त्या वर्षी आनंदाने धरू. बेरीज ३,९०,४००.

आता देणं. पीककर्ज १,८०,०००. विहिरीच्या पाइपलाइनचं मुदती कर्ज १,३५,०००. बायकोच्या नावावरचं मायक्रोफायनान्सचं ६२ हजार. खासगी सावकाराचे एक लाख, महिना शेकडा तीन. कृषी केंद्र ३८ हजार. दुचाकीचे २२ हजार. मेव्हणा ४० हजार. बेरीज ५,७७,०००.

वजाबाकी: उणे १,८६,६००. घर घाटाखाली.

आता जमिनीची ओळ. पाच एकर, आठ लाखांचा भाव धरला तर चाळीस लाख, घर चार लाख. ती मिळवली की हेच कुटुंब बेचाळीस लाख तेरा हजारांनी घाटावर येतं. दोन्ही आकडे खरे आहेत. नातेवाइकांत पहिला सांगितला जात नाही आणि बँकेत दुसरा सांगितला जातो. पण घरातल्या वहीत रोजच्या जगण्याचा आकडा जमिनीखेरीजचाच धरावा, असं माझं ठाम मत आहे. जमीन रुपयांत न लिहिता एकर-गुंठ्यांत लिहावी. पाच एकर होती, पाच एकर आहे. साडेचार झाली तर मात्र ती वहीतली सगळ्यात मोठी बातमी.

याचं कारण समृद्धी महामार्गाने दाखवून दिलं. सातशे एक किलोमीटरचा हा रस्ता जिल्ह्यातल्या मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून जातो. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. रस्त्याची आखणी झाल्यापासून आसपासच्या शेतांचे भाव बदलले. ज्याची जमीन रस्त्यात गेली त्याच्या हाती मोबदला आला. तो खरा पैसा. ज्याची शेजारी राहिली त्याच्या हाती फक्त भाव आला. त्या भावाच्या जोरावर ज्याने गाडी घेतली, बांधकाम काढलं, लग्न मोठं केलं, त्याच्याकडे हप्ते आले आणि शेत होतं तेवढंच राहिलं.

हे पहिल्यांदा घडत नाही. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८७० मध्ये तर जलंबपासून खामगावपर्यंत कापसासाठी रेल्वेचा फाटा आणला गेला. तोवर युद्ध संपून पाच वर्षं झाली होती आणि तेजीतला भाव खाली आला होता. तेजीतल्या भावाकडे बघून दिलं-घेतलेलं कर्ज मात्र तसंच राहिलं. कापूस, सोयाबीन, सोनं, जमीन, सगळ्यांचे आकडे दर आठवड्याला हलतात. देण्याचा आकडा हलतो तो वरच.

मांडणीत एक शेवटचं पान असतं ते बहुतेक जण सोडतात: जामीनकी. सोसायटी आणि पतसंस्थांमध्ये एकमेकांना जामीन राहणं हा शेजारधर्म आहे. तू माझ्या अर्जावर सही कर, मी तुझ्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे चुलतभावाच्या तीन लाखांवर सही केली असेल तर ते देणं आज शून्य आहे आणि उद्या तीन लाख असू शकतं. बेरजेत धरू नका, पण नाव, रक्कम आणि तो हप्ते भरतो का, एवढं लिहून ठेवा. ही ओळ वाचताना काही वाचक पुस्तक मिटून आठवायला लागतील, याची मला खात्री आहे.

आता फेडण्याकडे येऊ. इथे हिशोब थोडा उलटा वाटतो. त्या घराने सावकाराचे एक लाख फेडायचे ठरवले. एक तोळा सोनं मोडलं, सत्तर हजार आले. सात क्विंटल सोयाबीन विकलं, २९,४०० आले. सहाशे खात्यातून काढले. लाख भरले. आता पुन्हा वजाबाकी करा: आहे ते लाखाने कमी, देणं लाखाने कमी, आकडा जिथल्या तिथे, उणे १,८६,६००. एवढं सोनं गेलं आणि वहीत फरक शून्य. माणूस इथेच वही फेकतो.

फरक दुसऱ्या दिवसापासून पडतो. महिना शेकडा तीन म्हणजे दरमहा तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार. ते जायचे थांबले. पाच एकर शेतीत छत्तीस हजार शिल्लक पडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून कोणतं कर्ज आधी फेडायचं याचा निकाल व्याजाच्या दराने लागतो, तगाद्याच्या आवाजाने नाही. या घरात आधी सावकार, मग मायक्रोफायनान्स, मग दुचाकी आणि विहीर. पीककर्ज मुदतीत फिरवत ठेवायचं. कृषी केंद्राच्या उधारीला व्याज लिहिलेलं नसतं, ते खताच्या भावात असतं: रोखीचा आणि उधारीचा भाव एकदा विचारून बघा आणि दर स्वतः काढा. मेव्हण्याचे चाळीस हजार बिनव्याजी. पण दिवाळीला बायको माहेरी जाताना तिला जे वाटतं त्याचा रकाना आमच्या वहीत नाही. काही घरं ते आधी फेडतात. हिशोबाने चूक आहे, आणि मी त्यांना चूक म्हणणार नाही.

सावकाराबद्दल थोडं थांबायला हवं. १९४६ चा मुंबई सावकारी कायदा जाऊन २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आला. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला वर्षाला किती व्याज लावायचं हे त्याखाली ठरवून दिलेलं आहे: तारण असेल तर शेकडा नऊ, नसेल तर बारा. वर्षाला. महिना तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, विनातारण दराच्या तिप्पट. परवाना नसताना सावकारी करणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, आणि सावकारीपोटी लिहून घेतलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे ती परत मागता येते. कागदावर हे सगळं आहे. तक्रार करणं किती अवघड होतं याचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. खामगाव भागातल्या सावकारीच्या तक्रारी नोंदवून घेण्यात तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून हस्तक्षेप झाला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये महाराष्ट्र सरकारला दहा लाख रुपयांचा दंड केला होता. म्हणून म्हणतो, सावकाराला काय दिलं, कधी दिलं, कोणासमोर दिलं, हे मांडणीच्या वहीत तारखेने लिहा. त्याच्या वहीत काय लिहिलंय ते तुम्हाला दिसत नाही.

मायक्रोफायनान्सचं वेगळं. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम चांगला आहे. पण शेतकऱ्याला महिन्याचं उत्पन्न असतं कुठे? ते दसरा-दिवाळीला येतं आणि पुन्हा होळीला. हप्ता मात्र दर आठवड्याला किंवा महिन्याला दारात. मधल्या महिन्यांत तो हप्ता दुसऱ्या गटाचं कर्ज काढून भरला जातो, आणि हे बायकांच्या नावावर होत असल्याने नवऱ्याच्या 'डोक्यात' ते नसतंच. मांडणी दोघांनी मिळून करण्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण सोनं. 'एक तोळा सोनं मोडलं' असं मी वर सहज लिहून गेलो. ते कोणाचं होतं? माहेराहून आलेलं असेल तर ते स्त्रीधन, तिच्या मालकीचं. घराच्या एकत्र आकड्यात ते विरघळतं आणि कोणी काय सोडलं ते दिसत नाही. वहीत लिहावं: हिच्याकडून एक तोळा, वजन दहा ग्रॅम, तारीख अमुक. रुपयांत न लिहिता ग्रॅममध्ये लिहिलं तर फेडही ग्रॅममध्ये होईल. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्यायची. त्या काळी सातबाऱ्यावर नाव लागलेल्या कितीतरी बाया आज आज्या झाल्या आहेत. मांडणीच्या वहीत नाव लावायला तर तलाठ्याकडेही जावं लागत नाही.

याच संघटनेचा एक मोठा दावा होता: शेतकऱ्याचं कर्ज त्याच्या उधळेपणातून आलेलं नाही, शेतमालाचे भाव पाडण्याच्या धोरणातून आलेलं आहे. मला तो बराचसा पटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काही बाजार समित्यांत सोयाबीनने दहा हजारांचा आकडा ओलांडला होता, आणि २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ चा हमीभाव असताना त्याखाली विकावं लागलं. यात कोणाच्या वहीची काय चूक? मांडणी भाव वाढवून देत नाही. पण आंदोलनात उभं राहून 'गेल्या तीन वर्षांत मी एवढ्याने खाली गेलो' असं सांगणारा शेतकरी आणि 'परवडत नाही' असं सांगणारा शेतकरी, यांत अधिकाऱ्याला पहिल्याशी वाद घालता येत नाही.

माल ठेवायचा की विकायचा याचाही वहीशी संबंध आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे: बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हरभरा ठेवला तर किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, सहा टक्के व्याज. बुलढाणा अर्बन ही १९८६ मध्ये सुरू झालेली पतसंस्था, तिचाही गोदाम तारणाचा मोठा व्यवहार आहे. काढणीच्या पडत्या भावात विकावं लागू नये म्हणून ही सोय उत्तमच. फक्त लिहिताना पोती 'आहे' मध्ये आणि उचल 'देणं' मध्ये, दोन्हीकडे जायला हवी. पोती आपली म्हणून धरली आणि उचल विसरली, असं मी पाहिलं आहे. आणि २०२१ चा भाव डोळ्यांपुढे ठेवून ज्यांनी पुढच्या हंगामांतही माल राखला, त्यांना गोदामभाडं आणि व्याज भरून कमी भावात विकावं लागलं.

कर्जमाफीचं थोडक्यात. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. नियमित भरणाऱ्यांना २०१९ च्या योजनेत पन्नास हजारांपर्यंतचा प्रोत्साहनपर लाभ होता, आणि तो मिळायला २०२२ उजाडलं. घोषणेच्या दिवशी मांडणी बदलू नये. खात्यात बाकी शून्य दिसली की मगच खोडावं.

त्या घराची पुढच्या अक्षय्य तृतीयेची वही उघडू. बैल वर्षाने म्हातारे झाले, सत्तर हजार. म्हैस पंचावन्न. दुचाकी अठ्ठावीस. सोनं एक तोळा, मुद्दाम गेल्या वर्षीच्याच भावाने सत्तर. भाव वाढला असेल तर तो समासात. सोयाबीन दहा क्विंटल, ४२ हजार. खात्यात नऊ, गटात बावीस. बेरीज २,९६,०००, गेल्या वर्षीपेक्षा ९४,४०० ने कमी. नुसतं हे पान बघितलं तर घर बुडतंय असं वाटेल. देणं: पीककर्ज नवंजुनं होऊन दोन लाख, पाइपलाइन १,१०,०००, मायक्रोफायनान्स वीस, कृषी केंद्र तीस, मेव्हणा तीस, दुचाकी फिटली, सावकार नाही. ३,९०,०००. वजाबाकी उणे ९४,०००.

अजून घाटाखालीच. पण वर्षात ९२,६०० ने वर. देणं १,८७,००० ने उतरलं, त्यातलं ९४,४०० आहे ते मोडून आणि झिजून गेलं, आणि बाकीचं घराने कमावलं. म्हैस, शिवणयंत्र आणि न गेलेलं व्याज. असंच एखादं बरं वर्ष गेलं तर शून्य येईल. एका गारपिटीत परत दीड लाखाने खालीही जाईल. तीन वर्षांची पानं शेजारी ठेवल्याशिवाय दिशा कळत नाही.

पाइपलाइनचा शेवटचा हप्ता भरला जाईल तेव्हाचं एक काम आत्ताच सांगून ठेवतो, कारण आनंदात ते राहून जातं. बँकेतून बेबाकी दाखला घ्यायचा, तो घेऊन तलाठ्याकडे जायचं, फेरफार टाकायला लावायचा आणि सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्यायचा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा तसाच असलेले सातबारे गावोगाव आहेत. वाटणीच्या वेळी किंवा नवं कर्ज काढताना ते सापडतात, तोवर शाखेतली माणसं बदललेली असतात आणि दाखला कोणी शोधून देत नाही. फेरफार मंजूर झाला की महिनाभराने नवा उतारा काढून बघा. जुनी नोंद आडव्या रेघेने खोडलेली दिसेल. त्या उताऱ्याची एक प्रत मांडणीच्या वहीत, त्या वर्षीच्या पानाला टाचणीने लावायची.